पन्नास हर्ट्झ

काही झालेलं नव्हतं. हे आधी सांगतो,
कारण सगळे आधी तेच विचारतात.
कोणी गेलं नव्हतं, कोणाशी वाजलं नव्हतं,
धान कापून, चुरून झाला होता,
आणि मी लाइन बंद करून खांबावर चढलो
नि पक्कड हातात धरून
अर्धा तास तसाच राहिलो.
खाली माणसं: कधी येते जी लाइन, वायरमन?

मला येते त्या भाषेत सांगायचं तर
लो व्होल्टेज.
बल्ब लागतो, तांबडा, आतली तार दिसेल इतकाच.
मोटर घोंघावते आणि फिरत नाही.
बाहेरून बघणाऱ्याला वाटतं,
लाइट तर आहे ना यांच्याकडे.

गोंदियाच्या डॉक्टरनं गोळी दिली.
म्हणाला, दोन-तीन आठवडे लागतील कापगते, सोडू नका.
सोडली नाही.
पण तीन आठवडे म्हणजे एकवीस रात्री,
आणि रात्रीला रीडिंग नसतं.

भाच्यानं, प्रणयनं, कानात बोळे घातले.
"डोरे झाका मामाजी. चारशे बत्तीस हर्ट्झ.
विश्वाचा सूर आहे म्हणते."
आधी समुद्र वाजला. मी समुद्र पाहिलेला नाही.
मग एक बाई हळूच म्हणाली,
म्हणा, मी प्रकाश आहे.
तिला काय माहीत,
मी प्रकाशाच्या तक्रारी घ्यायचा पगार घेतो.
हसू आलं. नोव्हेंबरपासून पहिलं.
डायरीत ब्रेकडाउनच्या नोंदीखाली लिहून ठेवलं:
रा. ९.४०. हसलो.

आपला सूर पन्नास.
लाइन पन्नासची, डीपीची गुणगुण शंभरची,
ट्रेनिंगमध्ये साहेबांनी सांगितलं होतं.
वीस वर्षं तिच्या बाजूला उभा राहिलो,
ऐकली म्हणाल तर परवा.

फेब्रुवारीत गोठणगावच्या तिबेटी कॅम्पात फ्यूज उडाला.
येशी म्हातारीच्या ओट्यावर एक वाडगा होता,
काठावरून दांडी फिरवली की
माझ्या दाढेपर्यंत आला त्याचा आवाज.
विचारलं, यानं मन बरं होते म्हणतात?
ती हसली, दोन दातांनी.
तिची बोली माझ्यापेक्षा झाडीची:
"आमी यात जेवत होतो रे बाबू.
बरं होते, हे पाहुणे सांगून गेले."
मग शिडीवर चढताना मागून म्हणाली,
"पन आयकून पाय. सरतवरी आयक."

घरी वाडगा कुठला. काशाची वाटी होती,
रेवंताच्या आंदणात आलेली,
उन्हाळ्यात तूप लावून तळपायाला घासायची.
ती बोटांच्या टोकांवर तोलली, चमच्यानं टिचकी दिली.
पहिल्या दिवशी तिसऱ्या आकड्याला मन निसटलं,
दुसऱ्या दिवशी रेवंतानं चमचा मागितला, वरण ढवळायला.
मग कधीतरी सात.
आवाज नेमका कुठे सरतो, सांगता येत नाही.
वाटीचा म्हणावा तर बोडीवरची टिटवी असते,
हातपंपाची करकर,
उशिरा घरी येणाऱ्या कोणाची सायकल,
चेन घासणारी.
हे सगळं आधीपासून चालू होतं,
मी नसतानाही.

आमच्या पंख्याचा कंडेन्सर गेला आहे.
वायरमनच्या घरचा पंखा, रेवंता बायांना सांगते.
बटण दाबलं की घोंघावतो, जागचा हलत नाही.
पोरगी खाटेवर उभी राहते,
तुराटीनं पातं ढकलते.
एकदा ढकलला की रात्रभर फिरतो,
कोणी ढकलला हे त्याच्या लक्षातही नसतं.

काल वाटीला हात लावला नाही.
दिवसभर भिंतीकडे तोंड करून होतो,
रेवंता दोनदा चहा ठेवून गेली, दोनदा उचलून.
आज गोळी घेतली. वाटी घेतली.
अकरापर्यंत गेलो.

नवा कंडेन्सर पिशवीत आहे,
आठ दिवस झाले आणून.
बसवीन.